जामीन झाला, माणूस आतच, आणि वरून नोटीस

पत्र: "वकीलसाहेब, आम्ही जत तालुक्यातले. बांधावरून माझ्या मिस्टरांचं आणि चुलत सासऱ्यांचं भांडण झालं. चुलत सासऱ्यांच्या हाताचं हाड मोडलं, डोक्याला टाके पडले. पोलिसांनी खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा घातला. मिस्टर पाच महिने आत आहेत. दोषारोपपत्र दाखल झालं आणि तेवीस दिवसांपूर्वी सत्र न्यायालयाने जामीन दिला. पन्नास हजारांचा जातमुचलका, तेवढ्याच रकमेचा एक स्थानिक जामीनदार, केस संपेपर्यंत गावात यायचं नाही, दर सोमवारी ठाण्यात हजेरी. गावात कोणी जामीन राहायला तयार नाही, सगळी भावकीच. माझा भाऊ अथणीकडे असतो, चार एकर बागायत आहे, पण त्याचा उतारा कन्नडमधला म्हणून कागद परत आले. त्यात परवा कोल्हापूरहून हायकोर्टाची नोटीस आली. जामीन रद्द करा म्हणून चुलत सासऱ्यांनी अर्ज केलाय. लोक म्हणतात, आता सोडवूच नका, बाहेर आले की परत आत घालतील आणि ते जास्त वाईट. दीर म्हणतात, चुलत्याचे पाय धरू, मिटवू. कोर्टाच्या आवारात एकजण भेटला, तीस हजार द्या म्हणाला, जामीनदारही देतो आणि कोल्हापूरचंही बघतो. मी काय करू? – एक बहीण"

ताई, तुमच्या पत्रातल्या चार माणसांपैकी तिघांचे सल्ले चुकीचे आहेत. चौथा तुमचा भाऊ. तो काही बोललाच नाही, नुसता उतारा घेऊन आला. त्याच्यापासून सुरू करू.

आधी मिस्टरांना बाहेर काढा. नोटीस म्हणजे स्थगिती नव्हे. कोल्हापूरच्या कोर्टाने "हा जामिनाचा हुकूम तूर्त अमलात आणू नये" असं लिहून दिलेलं नसेल, तर सत्र न्यायालयाचा हुकूम आजही जिवंत आहे. नोटिशीबरोबर आलेला कागद वकिलाकडून वाचून घ्या आणि त्यात स्थगितीचा शब्द आहे का, एवढंच आधी विचारा. बहुतेक वेळा नसतो. जामिनाला स्थगिती देणं ही अगदी क्वचित, अपवादात्मक प्रसंगी करायची गोष्ट आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये स्पष्ट सांगितलंय. त्या प्रकरणात एका माणसाचा जामीन वरच्या कोर्टाने वर्षभर नुसता स्थगितीवर टांगून ठेवला होता.

"बाहेर आले की परत आत" ही भीती मला कळते. पण उलट बाजूने बघा. समजा तुम्ही थांबलात आणि दोन महिन्यांनी वरच्या कोर्टात सुनावणी निघाली. न्यायमूर्ती विचारतील, जामीन मिळाल्यापासून आरोपीचं वागणं कसं आहे? तुमच्या वकिलाकडे सांगायला काय असेल? आतच होता, एवढंच. तेच मिस्टर बाहेर असतील, आठ सोमवार ठाण्यात जाऊन सही केलेली असेल, गावात पाऊल टाकलेलं नसेल, तर त्या आठ सह्या तुमच्या बाजूने बोलतील.

आता जामीनदार. दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून जामीनदार नाकारता येतो का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे १९७८ मध्येच आला होता. मध्य प्रदेशातला मोतीराम नावाचा एक गवंडी. सर्वोच्च न्यायालयानेच त्याला जामीन दिला होता, रक्कम ठरवायचं काम तेवढं खालच्या कोर्टावर सोपवलं होतं. तिथे दंडाधिकाऱ्यांनी दहा हजारांचा जामीनदार मागितला. त्या काळात गवंड्याकडे दहा हजार! भाऊ जामीन राहायला आला, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तोही नाकारला. गडी पुन्हा दिल्लीला. न्या. कृष्ण अय्यर चांगलेच चिडले. त्यांनी रक्कम हजारावर आणली, तीही स्वतःच्या जातमुचलक्यावर, आणि जिल्ह्याच्या किंवा भाषेच्या कारणावरून माणसाला परका ठरवू नये, हे बजावून सांगितलं. तुमच्या भावाचा उतारा कन्नडमध्ये आहे, एवढ्यावरून तो परत पाठवला असेल, तर हा निकाल वकिलाने पुढे ठेवायलाच हवा. तरीही कोर्टाला त्या जमिनीची खात्री करता आली पाहिजे, हे खरं. म्हणून उताऱ्याचं मराठी भाषांतर, भावाचं आधार कार्ड, घराचा पत्ता आणि अथणीच्या तहसीलदारांकडचा ऐपतीचा दाखला असं सगळं एकत्र जोडून द्या. नुसता उतारा घेऊन टेबलासमोर उभं राहिलं, तर कारकून मान वर करून बघतही नाही.

दुसरी वाट त्याच कोर्टातून जाते. तुमच्या हुकमात "स्थानिक" हा शब्द आहे. तो काढून टाका, किंवा जामीनदार मिळेपर्यंत चार आठवडे रोख रक्कम भरून सोडा, असा अर्ज त्याच सत्र न्यायालयात करता येतो. रोख जामिनाचा असा तात्पुरता हुकूम महाराष्ट्रातल्या कोर्टांत रोजचाच आहे. पन्नास हजार जमवणं जड असेल, तर रक्कम कमी करण्याची विनंतीही त्याच अर्जात घाला. जामिनाची रक्कम अवास्तव असू नये, हे कायद्यातच लिहिलेलं आहे.

आणि हे तर मला सर्वांत आधी सांगायला हवं होतं. जामीन मिळूनही सात दिवसांत कैदी सुटला नाही, तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं असतं. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसं बांधून दिलंय. महिना उलटूनही जामीनदार मिळाला नाही, तर अटी सैल कराव्यात का, याचा विचार कोर्ट स्वतःहूनही करू शकतं. सुटका लांबण्यामागे स्थानिक जामीनदाराचा हट्ट हे एक कारण आहे, हेही त्याच आदेशात म्हटलंय. तुमचे तेवीस दिवस होऊन गेले. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच प्राधिकरणाचं कार्यालय असतं. तिथे जा आणि विचारा, तुरुंगातून आमच्या माणसाचं नाव आलं का? नसेल आलं, तर तिथेच अर्ज लिहून द्या. वकील फुकट मिळतो. कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट नाही, स्त्रियांनाही नाही. जाता येत नसेल, तर १५१०० वर फोन करा.

त्या तीस हजारवाल्याबद्दल दोन ओळी पुरेत. भाड्याच्या जामीनदाराचा दाखला बहुधा खोटा असतो, नाहीतर तोच उतारा दहा केसांत लावलेला असतो. आपण आजवर किती जणांना जामीन राहिलो, हे जामीनदाराला शपथेवर सांगावं लागतं. खोटं निघालं, तर अडकतील तुमचे मिस्टर. "कोल्हापूरचं बघतो" म्हणणाऱ्याला कोल्हापूरला कोणीही ओळखत नाही. या धंद्यात मी चाळीस वर्षं काढली, तेव्हा हे खात्रीने सांगतो.

आता नोटीस.

लोक सरसकट म्हणतात, जामिनावर अपील झालं. साध्या गुन्ह्यांत जामिनाच्या हुकमावर अपील नसतंच. खालच्या कोर्टाने जामीन नाकारला, तर आरोपी वरच्या कोर्टात नव्याने जामीन अर्ज करतो. दिला, तर सरकार किंवा फिर्यादी तो रद्द करा म्हणून अर्ज करतात. त्यासाठी नव्या नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात, कलम ४८३ आहे, जुन्या संहितेत ते ४३९ होतं. अॅट्रॉसिटीच्या गुन्ह्यात किंवा एनआयएच्या खटल्यात मात्र खरोखरच अपील लागतं आणि त्याला मुदत असते. तुमच्या केसमध्ये तसलं कलम नाही, म्हणून त्यात शिरत नाही. पण वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी अॅट्रॉसिटीची केस असेल, तर त्यांनी वकिलाला हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारावा. चुकीच्या नावाचा अर्ज केला की आठवडे वाया जातात.

तुमच्या नशिबाने ही सुनावणी कोल्हापूरला आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच तिथे बसतं. त्याआधी याच नोटिशीसाठी तुम्हाला रात्रीच्या गाडीने मुंबई गाठावी लागली असती.

वरचं कोर्ट काय बघतं, ते नीट समजून घ्या, कारण तुमची सगळी तयारी त्यावर अवलंबून आहे. मिस्टरांनी मारलं की नाही, हे ते आता ठरवणार नाही, ते खटल्यात ठरेल. जामीन द्यायला हवा होता की नको, याचा विचारही पहिल्यापासून करत बसणार नाही. "मी खाली असतो तर दिला नसता" एवढ्या कारणावरून वरच्या न्यायमूर्तींना हुकूम मोडता येत नाही. ते दोन गोष्टी तपासतात आणि त्या दोन वेगळ्या आहेत.

पहिली, हुकूमच मुळात सदोष आहे का. म्हणजे गुन्ह्याचं गांभीर्य, जखमा, पुरावा, आरोपीची पार्श्वभूमी, साक्षीदारांवर दबाव येण्याची शक्यता, या गोष्टी बघितल्याच नाहीत, किंवा काही कारण न देता जामीन देऊन टाकला. कायद्याच्या भाषेत असा हुकूम विपर्यस्त. असा असेल तर जामीन मिळाल्यावर आरोपी कितीही गुणी वागला, तरी हुकूम मोडला जातो. दुसरी, हुकूम बरोबर होता पण नंतर काही घडलं: साक्षीदाराला धमकी, अटीचा भंग, पळून जाण्याचा प्रयत्न, नवा गुन्हा. १९९४ मध्ये दौलतराम विरुद्ध हरियाणा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की मुळात जामीन नाकारणं वेगळं आणि दिलेला जामीन काढून घेणं वेगळं. काढून घ्यायला फार भक्कम कारण लागतं. तुमचे मिस्टर अजून बाहेरच आलेले नाहीत. तेव्हा चुलत सासऱ्यांचा अर्ज पहिल्या प्रकारचाच असणार. त्यांच्या वकिलाचं सगळं बोट त्या हुकमाच्या कागदावर असेल.

म्हणून हुकूम वाचा. तुम्ही मला दोन पानांचा फोटो पाठवलाय, पण तो पाच पानांचा आहे, खाली पानांचे आकडे दिसतात. मधल्या तीन पानांत न्यायाधीशांनी कारणं लिहिलेली असतील. जखमेचा दाखला काय म्हणतो, शस्त्र जप्त झालंय का, दोषारोपपत्र दाखल झालंय, खटला लवकर उभा राहण्याची शक्यता नाही, अशा ओळी तिथे सापडल्या तर तुमच्या वकिलाचं अर्धं काम झालंच. ती पाच पानं वकिलाकडे आहेत का, आणि त्यांनी वाचलीत का, ते तपासा. दोन्ही प्रश्न विचारायला लाजू नका.

आता जरा अवघड विषय. तुमच्या पत्राच्या दुसऱ्या पानावर दोन ओळी खोडल्यात. निळ्या पेनाने लिहिलेलं, वर काळ्याने रेघोट्या. कागद खिडकीशी धरला की "आधीची" आणि "मिटली" असे दोन शब्द दिसतात. मला नाही सांगितलंत तरी चालेल. पण मिस्टरांवर आधीची एखादी केस असेल, मिटलेली असो, सुटलेली असो, लोकअदालतीत संपलेली असो, तर आजच वकिलाला सांगा. जामिनाच्या अर्जात "माझ्यावर पूर्वी एकही गुन्हा नाही" असं छापील वाक्य सवयीने टाकलेलं असतं, आणि चुलत सासऱ्यांच्या अर्जात नेमकी ती केस बाहेर येते. मग हुकूम कितीही सकारण असला, तरी कोर्टाला फसवून घेतलेला, असा त्याच्यावर डाग बसतो. सरकारी वकिलांनी सत्र न्यायालयात लेखी म्हणणं दिलेलं असेल, त्यात ती केस आली असेल आणि तरीही न्यायाधीशांनी जामीन दिला असेल, तर भीती कमी. ते म्हणणं मागवून घ्या. त्यात नसेल, तर वरच्या कोर्टात द्यायच्या प्रतिज्ञापत्रात ती केस आपणहून लिहायची, तिचं काय झालं तेही लिहायचं. न्यायमूर्तींनी ती आपल्या कागदातून वाचलेली बरी, समोरच्याच्या नको. आधी कुठे किती जामीन अर्ज केले आणि त्यांचं काय झालं, हेही लपवायचं नाही. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची सक्तीच केली आहे.

चुलत सासऱ्यांबद्दलही सांगतो. त्यांनी अर्ज केला म्हणून त्यांचा राग धरू नका. डोक्याला टाके त्यांना पडलेत. पीडिताला प्रत्येक टप्प्यावर आपलं म्हणणं मांडायचा हक्क आहे, हे लखीमपूर खिरीच्या प्रकरणात एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठासून सांगितलं. शेतकऱ्यांच्या अंगावर गाडी घातल्याचा तो खटला. तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्र्यांच्या मुलाला अलाहाबाद उच्च न्यायालयाने जामीन दिला होता. मृतांच्या नातेवाइकांचं नीट ऐकून घेतलं नाही आणि महत्त्वाचं ते सोडून नको त्यावर भर दिला, म्हणून तो हुकूम मोडला. आरोपीला आठवड्याभरात हजर व्हायला सांगितलं आणि उच्च न्यायालयाला पुन्हा ऐकायला. पुढची गोष्ट लोक विसरतात. त्याच आरोपीला जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच अंतरिम जामीन दिला, उत्तर प्रदेशात राहायचं नाही या अटीवर. म्हणजे जामीन गेला की दारं कायमची बंद झाली, असं नसतं. तुमच्या बाबतीत वाईटात वाईट झालं, तर मिस्टरांना हजर व्हावं लागेल, मग दिल्लीला विशेष अनुमती याचिका करता येईल, किंवा परिस्थिती बदलली, साक्षी झाल्या, खटला रखडला, तर पुन्हा सत्र न्यायालयात अर्ज करता येईल. पण हजर व्हा म्हटल्यावर गायब झालात, तर पुढचं कुठलंच दार उघडणार नाही.

आता दीर. त्यांना आवरा. चुलत्याचे पाय धरायला कोणीही जाऊ नये. दीरांनी नाही, तुम्ही नाही, गावच्या पुढाऱ्याने तर मुळीच नाही. हेतू चांगला असेल. पण चुलता फिर्यादी आहे आणि या खटल्याचा पहिला साक्षीदारही आहे. संध्याकाळी दीर दोन माणसं घेऊन त्याच्या ओट्यावर बसले, तर दुसऱ्या दिवशी ठाण्यात अर्ज जातो: "आरोपीच्या भावाने घरी येऊन केस मागे घे म्हणून दम दिला." वर सांगितलेली दुसरी गोष्ट, नंतर काही घडलं असल्याची, समोरच्याच्या हातात आयती पडते. समेटाचं खरंच मनात असेल, तर तुमच्या वकिलाने त्यांच्या वकिलाशी बोलावं, लेखी बोलावं, आणि सुनावणी झाल्यावर बोलावं. बांधाचा वाद दिवाणी आहे, त्याची मोजणी सरकारी भूमापकाकडून आजही मागवता येते. ती मागवा. फौजदारी केस त्याने मिटणार नाही, पण भांडणाचं मूळ तरी कागदावर येईल.

गावात न येण्याची अट साधी दिसते, पण लोक तिच्यातच फसतात. माझा एक पक्षकार होता, अशीच अट होती. पाच महिने नातेवाइकांकडे राहिला, प्रत्येक हजेरी दिली. गावच्या जत्रेला मात्र राहवलं नाही. पालखी वेशीवर आली तेव्हा आला, दर्शन घेतलं आणि परत गेला, एकूण वीस मिनिटं. कोणीतरी पालखीचा व्हिडिओ काढला होता. गुलालात न्हालेल्या गर्दीत त्याची पांढरी टोपी आणि अर्धा चेहरा. रद्द करण्याच्या अर्जाला तो फोटो जोडला होता, खाली तारीख आणि वेळ छापलेली. मी तासभर बोललो. जामीन रद्द झाला. तेव्हा मिस्टरांच्या राहण्याची सोय अथणीला भावाकडे करणार असाल, तर आधी वकिलाला विचारा की राज्याबाहेर राहायला कोर्टाची परवानगी लागेल का. हुकमात जिल्हा सोडून जाऊ नये असं असेल, तर लागेल. आणि राहण्याचा पत्ता ठाण्यात लेखी द्या, पोच घ्या. दर सोमवारी सही केल्यावर त्या दिवसाची नोंद स्वतःच्या वहीतही करा, कोणता अंमलदार होता, किती वाजता. ठाण्यातल्या वह्या कधी कधी सापडत नाहीत.

कोल्हापूरला गैरहजर राहू नका. नोटीस मिळूनही आपल्या बाजूने कोणी उभं राहिलं नाही, तर एकतर्फी ऐकलं जाऊ शकतं. मिस्टर आत असल्यामुळे वकीलपत्रावर त्यांची सही तुरुंगातच होईल. कोरं वकीलपत्र वकिलाकडून घ्या, भेटीच्या दिवशी तुरुंग कार्यालयात द्या. सही झाल्यावर तिथल्या अधिकाऱ्याचा शिक्का बसतो, त्याशिवाय ते चालत नाही. या कामाला कधी कधी तीन-चार दिवस लागतात, म्हणून नोटिशीवरच्या तारखेच्या आधल्या दिवशी धावपळ करू नका.

एक छोटी गोष्ट राहिली. जामीनदार मंजूर झाला की कोर्टातून सुटकेचा आदेश तुरुंगात जातो, आणि तुरुंगाची त्या दिवसाची वेळ टळली की माणूस दुसऱ्या दिवशीच सुटतो. २०२१ मध्ये मुंबईत एका मोठ्या नटाच्या मुलाचंही असंच झालं होतं. उच्च न्यायालयाने गुरुवारी जामीन दिला, कागद शुक्रवारी संध्याकाळच्या साडेपाचच्या आत तुरुंगाच्या पेटीत पडले नाहीत, आणि पोरगा शनिवारी सकाळी बाहेर आला. तिथे वकिलांची फौज होती, पैसा होता. तेव्हा तुम्ही भावाला घेऊन कोर्टात जाल, तर सकाळीच जा. शुक्रवार टाळा. डबा बरोबर घ्या, आणि भावाला सांगा, मूळ उतारा आणि भाषांतर दोन्ही प्लास्टिकच्या एकाच पिशवीत ठेव.